मल्हारच्या पेशी

लोहारा,
५ नोव्हेंबर २०२४

आत्या,

सोनालीशी तुम्ही फोनवर बोलता, आणि फोन माझ्या हातात आला की बंद होतो. तीनदा झालं असं. म्हणून हा कागद. प्रेमावन्सं वाचून दाखवतील.

इथं सगळं आहे तसं आहे. तुमच्या दोन्ही शेळ्या बऱ्या आहेत, काळी गाभण राहिलीय. सोनालीला सहामाहीत गणितात चाळीस पडले. दिवाळीला मी काही केलं नाही. वर्षाच्या आत सण करत नाहीत हे खरं, पण ते कारण नव्हतं. कढई काढायची राहून गेली, इतकंच. शेजारच्या दगडोबाकाकांच्या घरून ताट आलं, ते आम्ही मायलेकींनी खाल्लं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तुम्ही पिशवी घेऊन उंबऱ्यात उभ्या राहिलात आणि म्हणालात, "दैवे, माझं लेकरू अर्धं जाळलंस आन् अर्धं बाटलीत ठिवलंस. त्याला आता वाट कुठनं गावायची?" तुम्हाला न्यायला आलेल्या प्रेमावन्सं म्हणाल्या, "बघ आई, डोळ्यात टिपूस तरी हाय का हिच्या." नव्हतं. मी तुमच्याच भावाची मुलगी, आत्या. सून व्हायच्या आधीपासून तुम्ही मला बघताय. गुडघा फुटला तरी गल्लीभर ऐकू जाईल असं रडायचे म्हणून तुम्ही मला भोंगा म्हणायचात. आता काय झालंय ते मला सांगता येत नाही. तेराव्याला सगळ्या बायका रडत होत्या आणि मी पत्रावळ्या पुरतील का ते बघत होते.

बाटलीचं सांगते. तुम्ही नीट ऐकून न घेताच गेलात.

सप्टेंबरात हैदराबादहून फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते, म्हणून आवाज मोठा करून फोन भिंतीला टेकवला होता. तुम्ही लसूण सोलत होता. त्या डॉक्टर बाई म्हणाल्या, "मल्हाररावांच्या पेशी चांगल्या वाढल्यात. अजून जिवंत आहेत." तुम्ही लसूण खाली ठेवला आणि मला विचारलंत, "कोण जित्तं हाय?" त्यानंतर मी काय सांगितलं ते तुमच्या कानात गेलंच नाही.

जानेवारीत ह्यांच्या गाडीला रानडुक्कर आडवं आलं आणि सोलापूरच्या दवाखान्यात डोकं उघडावं लागलं. कानशिलामागचा मेंदूचा तुकडा चिरडला होता. तो काढला नसता तर सूज बाकीच्या मेंदूवर चढत होती. काढलेला तुकडा दवाखान्यात जाळून टाकतात. ह्यांचा जाळला नाही, हैदराबादच्या एका संशोधन संस्थेला पाठवला. मोठ्या माणसाच्या मेंदूतही थोड्या मूळ पेशी शिल्लक असतात म्हणे, ज्यांच्यापासून नव्या पेशी होऊ शकतात. त्या वेगळ्या काढायच्या, वाढवायच्या, आणि ज्याच्या मणक्यातली मोठी नस तुटलीय त्याच्या कामाला येतात का हे बघायचं. असं ते काम आहे. त्यात ह्यांचा जीव अडकलेला नाही.

त्या दिवशी माझ्यापुढं दहा कागद आले होते. सही करा, इथं करा, इथं पण करा. त्यातला एक हा. कशाचा आहे हे मला कळलंच नाही. एवढं तरी खरं माना.

पौष अमावास्येला वर्ष होतं. यंदा ती २९ जानेवारीला आहे. तुम्ही म्हणालात, त्या बाटल्या आहेत तोवर मी वर्षश्राद्धाला पाय ठेवणार नाही. मी हैदराबादला जाऊन स्वतः बघून येते. मग ठरवू.

दैवशाला


लोहारा,
३० नोव्हेंबर २०२४

आत्या,

बुधवारी जाऊन आले. अंगणवाडीतून एक दिवसाची रजा काढली. उमरग्याहून सकाळची गाडी धरली, दुपारी पोचले.

संस्था मोठी आहे. बागेत मोर आहेत. दारावर नाव लिहून घेतलं, गळ्यात पट्टी घातली. फोनवरच्या त्या डॉ. निकिता म्हणजे जेमतेम तिशीची पोरगी आहे. निलंग्याची. "ताई, जेवलात का?" हे आधी विचारलं. मग डोक्याला टोपी, पायांत पिशव्या, अंगात झगा घालून मला आत नेलं.

तुम्हाला वाटत होतं तशी बरणी नाही. भिंतीतल्या कपाटाएवढी एक पेटी आहे आणि तिच्यात हाताच्या पंजाएवढ्या चपट्या प्लास्टिकच्या बाटल्या आडव्या ठेवल्यात. तळाला लालसर पाणी. ह्यांच्या नावाच्या तीन आहेत. नाव नाही खरं तर, नंबर आहे. पेटीत आपल्या अंगाएवढी ऊब ठेवतात. तुम्ही म्हणाला होता ना, लेकरू गारठत असंल. गारठत नाही.

मी विचारलं, "हात लावू?" त्या म्हणाल्या, "बाटलीला लावा, ताई." लावला. कोमट होती.

मग दुर्बिणीसारख्या यंत्रातून बघायला लावलं. आधी माझीच पापणी दिसत होती. नंतर दिसलं. करड्या रंगावर बारीक बारीक ठिपके, काहींना लांब शेपट्या, एकमेकांकडं गेलेल्या. हलत नव्हत्या. निकिता म्हणाल्या, "हलतात, पण फार हळू. रात्रभर फोटो काढले की कळतं." मी पुष्कळ वेळ बघत होते. त्यांना वाटलं असेल मला भरून आलंय, म्हणून त्या जरा लांब जाऊन उभ्या राहिल्या.

त्यांनी एक चित्रफीतही दाखवली. उंदरांची. भूल देऊन पाठीची नस दुखावलेले उंदीर आहेत, मागचे दोन्ही पाय ओढत चालणारे. आठ जणांच्या पाठीत ह्यांच्या पेशी सोडल्या, आठ जणांच्या पाठीत नुसतं मिठाचं पाणी. सात आठवड्यांनी पेशीवाल्यांतल्या पाच जणांचे मागचे पाय पोटाखाली यायला लागले. चालणं म्हणता येणार नाही. पाऊल टेकवतात, अंग जरा उचलतात आणि परत बसतात. तिघांना काहीच फरक नाही.

मी विचारलं, ह्या पेशी त्यांच्या अंगात नवी नस होतात का? म्हणाल्या, "तसंच होतं असं नाही. काही पेशी तुटलेल्या नसांभोवती आवरण करतात, वायरवर प्लास्टिक असतं तसं. काही नुसत्या मदत करतात, बाकीच्यांना जगवतात. आम्हालाही अजून पूर्ण कळलेलं नाही."

"आणि माणसाला कधी?"

"सांगता येत नाही, ताई. दहा वर्षं, पंधरा. कदाचित ह्या रस्त्यानं नाहीच."

खोटं बोलत नाही ती पोरगी.

उंदीर बघताना मला तुमचीच आठवण आली. हे गुराढोरांचे पट्टीबंधक. सरकारी दवाखान्यातून आले की तुम्ही आधी विचारायचात, "आज कोण उठलं?" कुणाची म्हैस, कुणाचं वासरू. माणसाचं कधी विचारलं नाहीत. मेंढरांमागं हिंडलेल्या घरातला प्रश्न तो.

पेशी ठेवायच्या की नाही हे आपल्या हातात आहे. सप्टेंबरात फोनवर मी हो म्हटलं आणि त्यांचा फॉर्मही सही करून पाठवला होता. पण संमती कधीही मागं घेता येते, कारण सांगावं लागत नाही. तसा अर्ज असतो. मी विचार करते. तुम्हीही करा.

दैवशाला


लोहारा,
१५ डिसेंबर २०२४

आत्या,

सोनाली म्हणाली, आज्जीनं दोन्ही पत्रं वाचून घेतली आणि उशाखाली ठेवली. बरं वाटलं असं लिहिणार होते. वाटायला पाहिजे होतं.

पहिल्या पत्रात एक खोटं लिहिलंय. ते दुरुस्त करते.

मला कळलं होतं. त्या दिवशीच्या दहा कागदांतला हा एकच मला नीट कळला होता. बाकीचे वाचलेही नाहीत. हा कागद घेऊन एक तरुण डॉक्टर माझ्याजवळ खाली बसला. लोखंडी बाकावर जागा होती, पण तो खालीच बसला. तुम्ही तेव्हा नळावर पाणी भरायला गेला होता. त्यानं सगळं समजावून सांगितलं. मेंदूचा तो भाग वाचणार नाही, काढावाच लागणार, तो वाया जाण्यापेक्षा संशोधनाला द्याल का. मी विचारलं, "म्हंजे त्यातनं नवा मेंदू वाढवता येतो?" तो म्हणाला, "नवा मेंदू नाही. पेशी वाढवता येतात. पुढं कधीतरी अशा पेशींनी इजा झालेल्या माणसाला बरं करता येईल, असा प्रयत्न चालू आहे."

"ह्यांना?"

"नाही, ताई. ह्यांना नाही. हे फार पुढचं आहे."

स्वच्छ सांगितलं त्यानं. त्याचा काही दोष नाही. पण मी ऐकलं ते असं, की तुकडा हैदराबादला जाईल, तिथं वाढेल, आणि परत आणून ह्यांच्या डोक्यात बसवतील. मी मनात दिवससुद्धा मोजले. बी पेरल्यावर मोजतात तसे. हे एकोणीस दिवस होते ना दवाखान्यात, त्यातले निदान दहा दिवस मी हैदराबादच्या फोनची वाट बघत होते. तुम्ही काचेतून त्यांच्याकडं बघत असायचात आणि मी मोबाइलकडं.

तुम्ही नळावरून यायची वाट बघायला पाहिजे होती. पाच मिनिटं लागली असती. मी थांबले नाही, कारण तुम्ही नको म्हणाल हे मला ठाऊक होतं.

आठवड्यापूर्वी अंगणवाडीत खिचडीचं पातेलं उतरवताना हात भाजला. मदतनीस ओरडली, "मॅडम, हात!" तेव्हा मला कळलं. दोन फोड आलेत. दुखतात, नाही असं नाही. पण दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे. निकिता मॅडम सांगत होत्या, त्या उंदरांच्या पायाला आधी कापूस लावून बघतात, मग टोचून, की कळतंय का. मला वाटलं, मलाही कुणीतरी तसं बघावं.

पेशींचं अजून ठरवलं नाही. तुम्ही काय म्हणता ते कळवा.

दैवशाला


सोनारी,
५ जानेवारी २०२५

दैवशाला हीस,

प्रेमा लिहिती, म्या सांगते. तिला म्हणलं, म्या बोलते तसंच लिव्ह, शाळंतलं करू नगंस.

तुजे तिन्ही कागद पोचले. तू खोटं बोललीस ते तूच सांगितलंस, म्हणून त्याचं काय म्हणत न्हाय. नळावरनं म्या आले तवा तू पदरानं त्वांड पुसत हुतीस. मला वाटलं रडली. घाम पुसत हुतीस, व्हय ना.

आता हितलं सांगते. प्रेमाच्या घराच्या अंगणाला लागून गजराबाईचं घर हाय. तिचा ल्योक वीरप्पा. दोन वर्सांमागं भैरवनाथाच्या यात्रंत मांडव घालताना वरनं पडला, पाठीचं हाड मोडलं. बेंबीच्या खाली त्याला कायबी कळत न्हाय. एकतीस वर्साचा हाय. त्याची माय रोजानं जाती, मंग दिवसभर एकटा बाजंवर. म्या जाऊन बसते. माशा हाकते. कूस बदलायला दोघं लागतात, म्या आन् प्रेमा करतो. एक दिस त्याच्या टाचंला मुंगळा डसून रगत आलं तरी ह्याला पत्ता न्हाय. म्याच बघितलं.

तुजा हैदराबादचा कागद प्रेमानं अंगणात वाचला. त्यानं सगळं ऐकलं. उंदराचं आलं तवा म्हणला, "आत्या, ते परत वाचा." तीनदा वाचाय लावलं. मंग म्हणला, "पाच उठले म्हंजी लई झालं की." मंग मला इचारलं, "मल्हारदादाचं हाय व्हय ते? मंग मला मिळंल का?"

म्या म्हणलं, मिळंल.

तू लिव्हलंस दहा वर्सं, पंधरा वर्सं, ते बी त्यानं ऐकलंय. त्याला म्हाईत हाय. म्हणतो, म्या कुठं पळून चाललोय.

देवळात गेले. फुलवाल्या बाईपशी बसून इचार केला. माजा मल्हार कुणाचं ढोर पडलं तर ताटावरनं उठून जायचा. त्याला बाटलीत कोंडलं असं म्या म्हणलं. पर तू म्हणतीस ऊब हाय, काम चाललंय. मंग कोंडलं कसं? कामावर गेलाय म्हणायचं.

तवा आता ते काढू नगं. ऱ्हाऊ दे. तुला म्या लई बोलले त्या दिवशी. अमुशाला येते. वरीस करू.

काळीला खुराक दे. पयलारू हाय.

गिरिजाबाई


लोहारा,
११ जानेवारी २०२५

आत्या,

तुमचं पत्र गुरुवारी आलं. दोन दिवस ते ओट्यावर ठेवलं होतं. आज लिहिते.

पेशी नाहीत.

२७ नोव्हेंबरला, मी गेले त्याच दिवशी, मी संमती मागं घेतली. दुर्बिणीतून बघून झालं, उंदीर बघून झाले, मग आम्ही निकिता मॅडमच्या खोलीत बसलो आणि त्यांनी चहा मागवला. चहा यायच्या आत मी म्हटलं, "तो अर्ज द्या." त्यांना वाटलं मी चुकून बोलले. म्हणाल्या, "ताई, घरी जा, आठ दिवस विचार करा, घरच्यांशी बोला. घाई नाही." मी म्हटलं, द्या. त्यांनी दिला. मी भरला. कारणाच्या ओळीवर काही लिहिलं नाही. त्यांनी परत एकदा विचारलं, "तुमच्या सासूबाईंचा विरोध आहे म्हणून का?" मी मान हलवली. हो म्हणून.

३ डिसेंबरला ईमेल आला. सोनालीच्या फोनवर वाचला. तीन बाटल्या औषध घालून संपवल्या. आणि दुसऱ्या एका टाकीत ह्यांच्या पेशींच्या बारा कुप्या अति गार करून ठेवल्या होत्या, त्याही काढल्या. त्या बारांबद्दल मी तुम्हाला लिहिलंच नव्हतं. गारठ्याचं तुम्हाला सहन झालं नसतं. उंदीर उरले होते, त्यांचा प्रयोग ठरल्या दिवशी संपला. प्रयोग संपला की त्यांनाही ठेवत नाहीत.

तरी १५ डिसेंबरला मी तुम्हाला लिहिलं की अजून ठरवलं नाही. तेव्हा बारा दिवस होऊन गेले होते.

तुमच्यासाठी केलं असं लिहिलं तर तुम्ही कदाचित मानाल. निकिता मॅडमनी मानलं. पण तसं नव्हतं. तुमच्यासाठी करायचं असतं तर आल्या आल्या तुम्हाला कळवलं असतं, की घ्या, झालं तुमच्या मनासारखं, या घरी.

खरं कारण सांगायला नीट शब्द सापडत नाहीत. वर्ष होत आलं होतं. मला वाटलं होतं, तिथं जाऊन बघितलं की काहीतरी होईल. ज्या माणसाबरोबर मी पंधरा वर्षं जेवले, त्याचा जिवंत भाग समोर असेल, मग मी रडेन, किंवा चक्कर येईल, किंवा रागच येईल. मी यंत्राला डोळा लावला आणि ते ठिपके बघत राहिले. काहीच झालं नाही. मी वाट बघितली. आतून मी त्यांना हाक मारली, लहानपणी मारायचे तशी, मल्ल्या म्हणून. तरी काही नाही. बाहेर कुणीतरी सांडलेलं पाणी पुसत होतं, त्या फडक्याचा आवाज येत होता.

मग वाटलं, हे संपवलं तर दुखेल. निदान दुखेल तरी.

तेही नाही दुखलं. सही केली, चहा प्याले, त्यांच्या गाडीनं मला बसस्टँडवर सोडलं. येताना झोपले.

तुम्ही वीरप्पाला "मिळंल" म्हणालात. मी ते पत्र वाचताना हिशेब करत बसले, की तुम्ही त्याच्याजवळ जाऊन बसायला कधी लागलात, माझं पत्र कधी वाचलं गेलं. त्यानं तीनदा वाचायला लावलं तेव्हा ठिपके होते की नव्हते. नव्हते, आत्या. पत्र तुमच्यापर्यंत पोचायच्या आधीच नव्हते.

ह्या पेशी असत्या तरी त्याला मिळाल्या नसत्या, हे मला माहीत आहे आणि त्यालाही. तो आधार मी घेणार नाही. निकिता मॅडम म्हणाल्या होत्या, एवढ्या चांगल्या वाढलेल्या पेशी त्यांना दोन वर्षांत पहिल्यांदा मिळाल्या होत्या. अर्जाचा कागद घेताना त्यांचा आवाज बदलला. तरी मला दारापर्यंत सोडायला आल्या.

काळीला परवा दोन करडं झाली. एक पाट, एक बोकड.

तुम्ही आता येणार नाही म्हणालात तरी मी २९ तारखेचं करणार आहे. आता त्याच्या वाटेत काही राहिलेलं नाही.

दैवशाला


सोनारी,
१८ जानेवारी २०२५

दैवशाला,

प्रेमा लिहिती. तिला कागद फाडायचा हुता. म्या म्हणलं, फाडू नगं, परत वाच. चार दिस झाले, रोज एकदा वाचाय लावते.

पयलं मला लई राग आला. म्या म्हणलं, हिनं माज्या लेकराला दोनदा मारलं. प्रेमा म्हणली, आई, तूच तर म्हणत हुतीस काढा म्हणून. तेबी खरं. म्या म्हणलं हुतं. दसऱ्याला काढा म्हणलं, जानेवारीत ऱ्हाऊ द्या म्हणलं. म्हातारीचं काय.

वीरप्पाला सांगावं का न्हाय, ते कळंना. गजराबाई म्हणली, सांगू नगा, बाजंवर पडल्या पडल्या तेवढंच त्याला. पर तू मला खोटं सांगून दीड म्हैना ठिवलंस, म्या त्याला किती दिस ठिवू? काल सांगितलं. त्यानं वर पत्र्याकडं बघितलं. मंग म्हणला, "आत्या, पाणी द्या." दिलं. मंग म्हणला, "वैनीला म्हणावं, त्या डॉक्टरीण बाईचा नंबर द्या." म्या इचारलं, कशाला रं? तर म्हणतो, "दुसऱ्या कुणाचं तरी आसंलच की." तवा नंबर धाडून दे. इसरू नगं.

तुला रडू येत न्हाय म्हणून तू असलं कराया गेलीस. आगं, माजा नवरा गेला तवा मला तीन वर्सं आलं न्हाय. कुणाला सांगितलं न्हाय. मेंढरं घिऊन रानात जायची आन् तशीच यायची. मंग एक दिस मल्हारचा दात पडला, तो मुठीत धरून दाखवाय आला, आन् म्या जी रडाय लागले, ते पोरगं भिऊन पळालं. तू मला इचारलं आसतंस तर सांगितलं आसतं.

पर तू इचारत न्हाईस. हेच माजं दुकणं हाय, बाकी कशाचं न्हाय. दिलंस तवा इचारलं न्हाईस. म्या नळावर हुते. काढलंस तवा इचारलं न्हाईस. म्या सोनारीला हुते. त्यो तुजा नवरा हुता, पर म्या नऊ म्हैने पोटात वागवला हुता. न्हाय म्हणले आसते तर म्हणले आसते. भांडलो आसतो. पर इचारायचं.

म्या सोमवारी सत्तावीसला येते. प्रेमा परांड्याला गाडीत बसवून दील. तू स्टँडवर ये. म्या लगीच बोलंल आसं समजू नगं. आन् आता घरात काय करायचं ते मला इचारून. भाजी कोणती टाकायची तेबी.

गिरिजाबाई


लोहारा,
२१ जानेवारी २०२५

आत्या,

निकिता मॅडमचा नंबर सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलाय. त्यांना फोन करून वीरप्पाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बोलू द्या त्याला माझ्याशी. देण्यासारखं माझ्याकडं आज काही नाही, पण बोलू द्या."

वर्षश्राद्धाचं विचारते. भाजी कोणती करू? ह्यांना शेपू आवडायचा, पण तुम्हाला त्याचा वास सहन होत नाही. माणसं किती सांगू? वीरप्पाच्या आईला बोलवायचं का? ह्यांची पट्ट्या-कात्र्यांची पेटी अजून खुंटीला आहे. ह्यांच्या जागी गुरांच्या दवाखान्यात नवीन आलेला मुलगा दोनदा मागून गेला. मी त्याला द्यायला काढली होती, पण दिली नाही.

देऊ का?

दैवशाला